बॉयलरजवळच्या माणसाला कोण शिकवणार?

सोलापुरात गेली दोन-तीन वर्षं एक वाद ऐकतो आहे. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर ऐकला, कन्ना चौकात ऐकला, कारखानदारांच्या बैठकीतही ऐकला. कापडधंद्यातल्या कामगारांना पर्यावरणपूरक कामाचं प्रशिक्षण द्यावं की नाही, हा तो वाद. एक बाजू म्हणते, शेडमागून शेड कुलूपबंद होत असताना पर्यावरण कसलं शिकवता? सुताचा भाव, विजेचा दर आणि ऑर्डरी यांचं आधी बोला. दुसरी बाजू म्हणते, परदेशातलं गिऱ्हाईक कागद मागतंय, तेव्हा शिबिरं घ्या, फलक लावा, रोपं लावा, फोटो पाठवा. दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिक आहेत. पण पर्यावरण ही कामाबाहेरची, वरून आणून जोडायची वस्तू आहे, हे दोघांनीही न तपासता धरून ठेवलंय. एकाला ते ओझं वाटतं, दुसऱ्याला दागिना.

मला दोन्ही मान्य नाही. पाणी, वाफ, वीज, रंग आणि सूत वाया न घालवता माल काढता येणं हेच आज कापडधंद्यातलं कसब आहे. ज्याच्या हातात व्हॉल्व्ह आहे, वजनकाटा आहे, भट्टीत सरपण टाकायचं फावडं आहे, त्याला ते शिकवलं पाहिजे; कामाच्या वेळात, मजुरी न कापता, त्याच्या भाषेत. आणि शिकल्यावर तो जे सांगेल ते ऐकून घेण्याची सोय कारखान्यात असली पाहिजे. यातली एक जरी गोष्ट गळाली तर बाकीच्यांवरचा खर्च फुकट जातो.

हे मत पुस्तकातून आलेलं नाही. माझे वडील पूर्वभागातल्या एका यंत्रमाग शेडमध्ये जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे मुकादम होते, आणि मी स्वतः पंधरा वर्षं डाईंगच्या, म्हणजे सूत-कापड रंगवण्याच्या कामात काढली. काही काळापूर्वी अशाच एका शिबिराला गेलो होतो. पहिल्या रांगांत मालकांची मुलं, मागे ऑफिसातले क्लार्क. पडद्यावरची माहिती खरी होती, महत्त्वाचीही होती, पण सगळी इंग्रजीत होती. संध्याकाळी एका ओळखीच्या प्रोसेस हाऊसमध्ये गेलो. तिथं बॉयलरवर वीस-बावीस वर्षं काढलेले एक गृहस्थ आहेत, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. विचारलं, "मामा, शिबिराला दिसला नाहीत?" ते म्हणाले, "मी आलो तर आग कोण बघणार ओ?" मग मला हाताला धरून शेडच्या मागे घेऊन गेले. कापड वाळवणाऱ्या मशीनमधून वाफेचं गरम पाणी होऊन बाहेर येत होतं आणि थेट गटारात जात होतं. थंडीचे दिवस, गटारावर धुकं धरलेलं. "हे पाणी परत टाकीत घ्या म्हणून किती दिवस सांगतोय," मामा म्हणाले.

मामा जे सांगत होते त्याला एक साधा हिशेब आहे, आणि ऊर्जा बचतीच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत तो सापडतो. बॉयलरला जाणारं पाणी वाया जाणाऱ्या उष्णतेवर सहा अंश सेल्सिअसने जास्त तापवून घेतलं की इंधन साधारण एक टक्का वाचतं. तीस अंशांचं पाणी साठ अंशांवर नेलं तर पाच टक्के. शिवाय ते पाणी एकदा शुद्ध केलेलं असतं, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचं मीठही वाचतं. आणि हे अशा शहरात, जिथं घरच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि कारखान्याच्या दारात टँकर उभा असतो. ज्या माणसाला हे दिसत होतं तो शिबिरात नव्हता. जे शिबिरात होते त्यांनी ते गटार कधी पाहिलेलं नव्हतं. प्रमाणपत्र मात्र ऑफिसच्या भिंतीवर लागलं.

आता डाईंगकडे या. प्रदूषण म्हणजे धुराडं आणि रंगीत नाला, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर असतं. त्या नाल्याची सुरुवात पुष्कळदा एका उघड्या डब्यात असते. व्हॅट हा सुताच्या रंगांचा एक प्रकार. तो विरघळवायला कॉस्टिक आणि हायड्रो लागतं. हायड्रो म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. हवेतली ओल लागली की त्याची ताकद उतरते, आणि जास्त ओल लागली तर ते आपोआप तापून पेटूही शकतं. डब्याचं झाकण उघडं राहिलं, हायड्रो मेलं, मग रंगारी अंदाजाने दोन मुठी जास्त टाकतो. तरी हवी ती छटा लागत नाही. माल फिका आला म्हणून पुन्हा भांड्यात. पुन्हा पाणी, पुन्हा वाफ, पुन्हा रंग, पुन्हा धुलाई, आणि सगळं पुन्हा नाल्यात. रिअॅक्टिव्ह या दुसऱ्या प्रकारच्या रंगांत तर पहिल्या खेपेलाच सगळा रंग सुताला धरत नाही, उरलेला मिठासकट बाहेर पडतो. तापमान आणि वेळ चुकली की तो उरलेला भाग वाढतो. पहिल्याच खेपेला छटा जुळवणारा रंगारी जितकं पाणी वाचवतो तितकं कुठलाही फलक वाचवत नाही. त्याच्या या कौशल्याला आपण पर्यावरणाचं नाव देत नाही, कारण तो हातमोजे घालून काळ्या पडलेल्या फरशीवर उभा असतो आणि आपल्या मनातलं हरित काम सौर पॅनेलच्या बाजूला उभं असतं.

ही नजर सरकारी योजनांतही आहे. २०१५ मध्ये केंद्राने हरित रोजगारांसाठी स्वतंत्र कौशल्य परिषद स्थापन केली. सौर पॅनेल बसवणारे तंत्रज्ञ तयार करण्याची योजनाही त्याच सुमारास आली. दोन्ही गोष्टी चांगल्या, आणि त्यातून पोरांना काम मिळालं याचा मला आनंद आहे. पण हरित म्हणजे नवा धंदा, नवा माणूस, हे समीकरण त्यातून पक्कं झालं. आज जे लाखो हात जुन्या यंत्रांवर आहेत त्यांचं काय? साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमधले, यंत्रमागावरचे, गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये कटिंग टेबलावर कापडाचे थर लावणारे? मार्कर, म्हणजे कापायच्या तुकड्यांचा आराखडा, नीट लावला तर त्याच कापडात दोन शर्ट जास्त निघतात आणि तेवढी चिंधी कमी होते, हे कटिंग मास्तरला कुणी शिकवायला जातं का?

विरोधकांचा सर्वांत जड मुद्दा आधी घेतो. ते म्हणतात, प्रदूषणाचे निर्णय कामगार घेत नाही. कोणतं इंधन जाळायचं, सांडपाण्याचा प्लांट रात्री चालवायचा की वीज वाचवायला बंद ठेवायचा, जुनी मशीन बदलायची की ओढत न्यायची, हे मालक ठरवतो. मग कामगाराला शिकवायचं म्हणजे दोष खाली ढकलणं झालं. या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. रात्री पंप बंद करणाऱ्या ऑपरेटरला पंप बंद केल्याने काय होतं हे ठाऊक असतं, त्याला वर्गात बसवून काही साधणार नाही. जिथं चूक अज्ञानाची नसून हुकमाची आहे तिथं प्रशिक्षणाचा उपाय सांगणं लबाडीच आहे, आणि काही ठिकाणी ती चालते हेही मी पाहिलंय.

पण यावरून प्रशिक्षण नको असं निघतं का? इतिहास उलटी साक्ष देतो. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेची चौकशी झाली तेव्हा कारखान्यातली माणसं कमी केली होती आणि प्रशिक्षणातही काटछाट झाली होती, हे बाहेर आलं. निर्णय वरचेच होते. तरीही त्यानंतर १९८७ मध्ये फॅक्टरी अॅक्टमध्ये दुरुस्ती झाली तेव्हा कायद्याने मालकावर जबाबदाऱ्या टाकल्या आणि सोबत कामगारालाही दोन गोष्टी दिल्या. कलम १११-अ ने आरोग्य आणि सुरक्षिततेची माहिती मागण्याचा, प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क दिला. कलम ४१-एच ने जिवाला धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क दिला. त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो: ज्याला कळतं त्याला बोलता आलं पाहिजे, आणि ज्याने बोलावं अशी अपेक्षा आहे त्याला आधी कळलं पाहिजे. प्रशिक्षणाला कामगारावर टाकलेलं ओझं समजण्याचं कारण नाही, ते त्याच्या हातातलं बळ होऊ शकतं. ऑपरेटरला मीटरचा आकडा वाचता येतो, तो रोज वहीत लिहितो आणि त्या वहीवर सुपरवायझरची सही होते, अशा ठिकाणी रात्री पंप बंद ठेवणं पूर्वीइतकं सोपं राहत नाही. अडचण अशी की सोलापुरातले कितीतरी शेड इतके लहान आहेत की असले कायदे त्यांच्या दाराशी पोहोचतच नाहीत. म्हणून इथं हे काम कायद्यावर सोडून चालणार नाही, धंद्याने मिळून करावं लागेल.

दुसरा आक्षेप मालकांचा, आणि तोही खोटा नाही. चादरीमागे सुटणारा पैसा आधीच थोडा, त्यात शिकवायला खर्च करायचा आणि शिकलेला माणूस दोन रुपये जास्त मिळाले की शेजारच्या शेडमध्ये जाणार. एका मालकाच्या वहीत हा तोटाच आहे. पण गावाच्या वहीत? आमच्या वडिलांच्या पिढीला माग शिकवला कुणी? जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. १८७७ पासून या शहरात गिरणीचा भोंगा वाजत होता. ती जुनी मिल १९४९ मध्ये बंद पडली तेव्हा हजारो लोकांचं काम वाचवायला दिल्लीने वटहुकूम काढून तिचा कारभार हातात घेतला आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढे एकेक करून गिरण्या मिटल्याच. पण तिथं हात बसलेले फिटर, जॉबर, वायंडिंगवाल्या बाया गावातच राहिल्या, आणि त्यांचं कसब शेडाशेडांत गेलं. गिरण्यांनी शिकवलेली माणसं गेली असं म्हणायचं, की सोलापूरला मिळाली असं? एकच धंदा असलेल्या गावात माणूस शेड बदलतो, विद्या गावाबाहेर जात नाही. म्हणून प्रशिक्षणाचा खर्चही एकट्या मालकाने उचलू नये. प्रत्येक गाठीमागे काही पैसे संघटनेने गोळा करावेत आणि त्यातून शिकवावं. केंद्राच्या झेड (शून्य दोष, शून्य दुष्परिणाम) योजनेत सूक्ष्म उद्योगाला प्रमाणपत्राच्या खर्चावर ८० टक्के सवलत मिळते. त्या प्रमाणपत्रामागे खरं शिकणं उभं राहिलं तर तो पैसा सार्थकी लागेल.

इथं कामगाराच्या बाजूचा एक प्रश्न आहे. शिबिरवाल्यांनी तो कधी विचारल्याचं मला आठवत नाही. यंत्रमागावरचा माणूस नगावर किंवा मीटरवर काम करतो. तासभर माग थांबला की तासाची मजुरी गेली. त्याला "मोफत प्रशिक्षण" म्हणून बोलावणं म्हणजे त्याच्या खिशातून फी घेणंच आहे. शिवाय तो वीज वाचवेल ती मालकाची, सूत वाचवेल ते मालकाचं. मग त्याने झाकण लावायला वाकावं कशासाठी? म्हणून शिकण्याच्या तासाची मजुरी द्यावी, आणि महिन्याचं वेस्ट कमी झालं तर वाचलेल्यातला वाटा विभागात वाटावा. यात उपकार नाही, साधा व्यवहार आहे.

तिसरं म्हणणं शिकलेल्या लोकांचं: माणसाला शिकवत बसण्यापेक्षा यंत्र बदला. धोट्याचे माग भंगारात घाला, रेपिअर, एअरजेट असे बिनधोट्याचे नवे माग आणा, कमी पाण्यात रंगवणारी मशीन आणा. जरूर आणा, मी त्याच्या विरोधात नाही. पण एअरजेट माग दाबलेल्या हवेवर चालतो. दुर्लक्ष झालेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेतली २० ते ३० टक्के हवा गळतीतून जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. जुन्या मागाचा पट्टा घसरला की आवाज येत होता, बहिऱ्यालाही कळत होतं. हवेची गळती शेडच्या गोंगाटात ऐकू येत नाही. ती शोधायला सगळे माग थांबवून, साबणाचं पाणी घेऊन सांधे न् सांधे तपासणारा माणूस लागतो. यंत्र जितकं नवं तितकी न शिकलेल्या हाताची चूक महाग.

यंत्र आणि कायदा वेळेवर आले नाहीत तर काय होतं, ते तमिळनाडूतल्या तिरुपूरने दाखवलंय. नोय्यल नदीत जाणाऱ्या डाईंगच्या पाण्याने खालच्या शेतकऱ्यांच्या जमिनी नासल्या, ओरथुपालयम धरण रंगीत खाऱ्या पाण्याने भरलं. शेतकरी कोर्टात गेले. सांडपाण्याची सामायिक प्रक्रिया केंद्रं उभी होती, तरी शून्य विसर्ग, म्हणजे थेंबही बाहेर न सोडणं, साधत नव्हतं. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने डाईंग युनिट बंद करण्याचा आदेश दिला आणि शेकडो युनिटांना एका झटक्यात टाळं लागलं. तिथं खोट एकट्या प्रशिक्षणाची नव्हती, तंत्र आणि पैसा दोन्ही अपुरे होते. शेतकऱ्यांची बाजूही न्याय्य होती. पण काम कुणाचं गेलं? आणि पुढे जी केंद्रं सुरू झाली ती रिव्हर्स ऑस्मोसिस आणि बाष्पीभवनाची. ती चालवायला सराईत माणसंच लागली. आपली भीमा आधीच पुणे-पिंपरीचं सांडपाणी घेऊन उजनीत येते आणि आपण तेच पितो. वरच्या गावाने नदीचं काय करावं याबद्दल आपण तावातावाने बोलतो. आपल्या खालच्या गावांनी आपल्याबद्दल काय म्हणावं?

याउलट एक उदाहरण धंद्याने वेळेत शिकल्याचंही आहे. १९९४ मध्ये जर्मनीने कर्करोगाला कारण ठरू शकतील अशा काही अझो रंगांवर बंदी घातली, १९९७ मध्ये भारतानेही घातली. तेव्हाही धंदा बुडाला अशीच ओरड होती. आमच्याकडचे जुने रंगारी सांगत, रंग विकणाऱ्या कंपन्यांची माणसं भांड्याशेजारी उभी राहून नव्या रंगाचं माप, ताव आणि वेळ शिकवून गेली. वर्ग नव्हता, हॉल नव्हता, पण शिकवणारा भांड्याजवळ आला होता. आणि त्या बंदीने सर्वांत आधी कुणाचा जीव वाचला? उघड्या हाताने तो रंग कालवणाऱ्याचाच.

बॉयलरचं उदाहरण याहून जुनं. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला, पुढच्याच वर्षी बंगालमध्ये कायदा झाला, आणि १९२३ मध्ये देशभराचा बॉयलर कायदा आला. आज प्रमाणपत्र असलेल्या अटेंडंटशिवाय बॉयलर चालवता येत नाही आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. सुरुवातीला कुणी म्हटलं नसेल का, की आगवाल्याला परीक्षा कशाला? ज्या चुकीने क्षणात माणूस मरतो तिच्यासाठी परीक्षा आपण मानली. ज्या चुकीने विहिरीचं पाणी वीस वर्षांत खराब होतं तिच्यासाठी मानायला आपण का कचरतो? सांडपाण्याचा प्लांट आणि रंगाचं भांडं सांभाळणाऱ्यालाही तशीच परीक्षा, तसाच परवाना आणि त्याबरोबर वाढीव मजुरी का असू नये?

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण सोलापुरात तोच सर्वांत आधी अडतो. पूर्वभागातल्या शेडमध्ये बोलणं तेलुगूत चालतं, हिशेब मराठीत, शिवी हिंदीत, आणि दक्षिण तालुक्यातून येणारा माणूस घरी कन्नड बोलतो. अशा ठिकाणी इंग्रजी स्लाइडचं मराठी भाषांतर करूनही पुरत नाही. वायंडिंगवर बसलेल्या अक्काला मराठी समजतं, पण शंका ती तेलुगूतच विचारते. म्हणून शिकवणारा बाहेरून आणलेला नको, त्याच खात्यातला, दोन्ही भाषा येणारा हवा. आणि त्याने आधी विचारावं, मग शिकवावं. जी बाई घरी चार दिवसांचं पाणी हंड्या-पिंपांत बेतून ठेवते तिला काटकसर शिकवायची गरज नाही. शेडमधल्या त्या नळाला, त्या यंत्राला ती कशी लावायची एवढंच दाखवायचं असतं. कित्येकदा तर तीच दाखवील.

मी मागतो आहे ते फार मोठं नाही. एमआयडीसीतल्या दहा प्रोसेस हाऊसनी मिळून दोन अनुभवी माणसं नेमावीत, एक डाईंगचा, एक बॉयलर-वीज बघणारा. त्यांनी आळीपाळीने प्रत्येक कारखान्यात आठवडाभर पाळीवरच उभं राहून शिकवावं. हायड्रोच्या प्रत्येक डब्याला झाकण, प्रत्येक भांड्याजवळ वजनकाटा, पाण्याच्या प्रत्येक लाइनला मीटर, आणि त्याचा आकडा लिहायला एक वही. वहीवर रोज मालकाची किंवा सुपरवायझरची सही. विद्यापीठाच्या आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी सहा महिन्यांनी त्या वह्या वाचाव्यात आणि आकडे गावासमोर मांडावेत, वाढलेले असोत की घटलेले.

मामांनी अशी वही स्वतःहून ठेवली आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं. शाळेची चौरेघी वही, मळलेली, सरपणाच्या ढिगाशेजारी खिळ्याला अडकवलेली. तारीख, बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड टाकीचं तापमान, दिवसाचं सरपण. नऊ वर्षांचे आकडे आहेत त्यात. ती वही आजवर कुणी मागितलेली नाही.